वाढत्या किमतीचा स्मार्टफोन: शहापूर-मुरबाडच्या ग्राहकाने काय पारखावे

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत स्मार्टफोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सातबाऱ्यावर पीक नोंदवायचे असो, अनुदान खात्यात जमा झाले की नाही ते पाहायचे असो, मुलाच्या प्रवेशाचा अर्ज असो किंवा दुकानदाराला पैसे द्यायचे असोत, ही सारी कामे आता फोनवरून होतात. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, तेव्हा तेथील व्यवहाराचे साधन कार्ड घासण्याचे यंत्र होते आणि ते दुकानदाराकडे असे. पुढे यूपीआय, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात फोनवरून तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था, सर्वत्र रुळली आणि साधनाचा खर्च ग्राहकाच्या अंगावर आला. त्यामुळे फोनची किंमत का वाढते आणि त्या वाढीच्या बदल्यात यंत्रात खरोखर काय सुधारते, हा येथील घरखर्चाचाच प्रश्न आहे.

किमतीची तुलना करताना केवळ रुपयांचे आकडे शेजारी मांडले तर दिशाभूल होते, म्हणून त्या आकड्यांना महागाईची आणि मजुरीची जोड द्यावी लागते. जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ हा त्या काळी गावोगाव खपलेला फोन २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण यांसह ९,९९९ रुपयांना बाजारात आला. त्याच मालिकेतील रेडमी नोट १३ फाइव्ह-जी हा फोन जानेवारी २०२४ मध्ये ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण यांसह १७,९९९ रुपयांना आला. या सात वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे ४२ टक्क्यांनी वाढला, आणि महाराष्ट्रातील रोजगार हमीची रोजंदारीही २०१६-१७ मधील १९२ रुपयांवरून २०२३-२४ मध्ये २७३ रुपयांवर, म्हणजे जवळजवळ त्याच प्रमाणात गेली. रोजगार हमीवर राबणाऱ्या माणसाला पहिल्या फोनसाठी ५२ दिवसांची मजुरी मोजावी लागत होती, दुसऱ्यासाठी ६६ दिवसांची लागली. महागाई वजा केली तरी किंमत सुमारे पावपटीने वाढली, आणि खरी चर्चा या पावपट वाढीची आहे.

ही वाढ कोठून आली याची फोड करता येते. मोबाइलवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. १७,९९९ रुपयांच्या फोनवर या एका बदलाचा भार सुमारे ९०० रुपये होतो, आणि सप्टेंबर २०२५ च्या करकपातीतही मोबाइलचा दर १८ टक्केच राहिला. महागाई आणि कराची ही वाढ वगळल्यावर जे सुमारे २,९०० रुपये उरतात, त्यांत रॅम तिप्पट, साठवण चौपट, बॅटरी ४,१०० वरून ५,००० मिलिअँपिअर-तास, पडदा अधिक उजळ व स्पष्ट आणि जाळे चौथ्या पिढीवरून पाचव्या पिढीचे, इतके बदल मिळाले. दहा ते वीस हजारांच्या या मधल्या पट्टीतील दरवाढ यंत्रातील सुधारणेने बऱ्याच अंशी भरून निघते, असाच निष्कर्ष या हिशेबातून निघतो.

वरच्या पट्टीत मात्र चित्र वेगळे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आयफोन एक्स अमेरिकेत ९९९ डॉलरला आणि भारतात ८९,००० रुपयांना विकला गेला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आयफोन १६ प्रो अमेरिकेत पुन्हा ९९९ डॉलरलाच आला, परंतु भारतात त्याची किंमत १,१९,९०० रुपये होती. या काळात डॉलरचा भाव सुमारे ६५ रुपयांवरून सुमारे ८४ रुपयांवर गेला होता आणि मोबाइलवरील कर वाढला होता. या दोन कारणांनीच रुपयांतील वाढीचा बहुतेक भाग समजतो. सात वर्षांतील साऱ्या सुधारणा कंपनीने अमेरिकी ग्राहकाला त्याच डॉलरमध्ये दिल्या, आणि भारतीय ग्राहकाने जे जादा मोजले ते मुख्यतः घसरत्या रुपयासाठी व कराकरिता मोजले. महागडा फोन म्हणजे तितकीच मोठी सुधारणा, ही समजूत या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून जी दरवाढ दिसू लागली तिचे कारण तर यंत्राच्या सुधारणेशी अजिबात जोडलेले नाही. फोनमधील रॅम आणि साठवण या दोन्ही मेमरी चिप असतात, आणि जगातील रॅम चिपचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणक केंद्रांना विशिष्ट प्रकारची वेगवान मेमरी लागते आणि तिच्यात नफा अधिक असल्याने या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांना थेट मेमरी विकणारा आपला व्यवसाय बंद करण्याची घोषणाही केली. फोनसाठीच्या मेमरीचे भाव त्यामुळे चढले. याचा सर्वांत मोठा फटका स्वस्त फोनला बसतो, कारण लाखाच्या फोनच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा लहान असतो, तर दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये तो बराच मोठा असतो. अशा काळात किंमत तशीच ठेवून रॅम किंवा साठवण कमी करण्याचा मार्ग कंपन्यांना खुला असतो, म्हणून खोक्यावरील किमतीइतकेच खोक्यावरील जीबीचे आकडेही वाचले पाहिजेत.

रॅम म्हणजे फोन एका वेळी जी कामे हातात धरून ठेवतो त्यांसाठीची तात्पुरती जागा होय. ती अपुरी असली की एका अॅपमधून दुसऱ्यात जाताच पहिले बंद पडते आणि भरत आणलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. तिच्या अपुरेपणाचा परिणाम किती दूरवर जातो हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर हे अॅप आले आणि ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. त्यांची तक्रार अशी होती की २ जीबी रॅमचे ते फोन तापतात, वारंवार बंद पडतात, त्यांच्यावर हे अॅप चालत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र सेविकांना सोसावा लागतो. फोन घेताना तो स्वस्त ठरला होता, परंतु सॉफ्टवेअर जड होत गेले आणि दोन-तीन वर्षांत तो कामाचा राहिला नाही. नव्या खरेदीत ६ जीबी रॅम ही किमान मर्यादा मानावी, आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजणे योग्य ठरते. जाहिरातीत ‘६ अधिक ६ जीबी’ असे लिहिलेले असेल तर त्यातील दुसरा आकडा खऱ्या रॅमचा नसतो. साठवणीतील काही जागा रॅमसारखी वापरण्याची ती सोय असते, तिचा वेग खऱ्या रॅमपेक्षा पुष्कळ कमी असतो आणि किंमत ठरवताना तो आकडा हिशेबात धरू नये.

साठवण, म्हणजे छायाचित्रे, अॅप व कागदपत्रे कायम राहण्याची जागा, १२८ जीबी असली म्हणजे बहुतेक घरांना पुरते. परंतु तिचा प्रकारही विचारावा: ईएमएमसी नावाचा जुना प्रकार माहिती संथपणे वाचतो व लिहितो, तर यूएफएस हा नवा प्रकार त्याहून बराच वेगवान आहे, आणि वर्षा-दोन वर्षांनी फोन ‘जड’ झाल्याची जी तक्रार ऐकू येते तिच्यामागे पुष्कळदा ईएमएमसी साठवण असते. दुकानात हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, पण विचारावा.

बॅटरी आणि पडदा या दोन घटकांचे मोल शहरापेक्षा गावात अधिक आहे. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते आणि मधूनच थोडा वेळ येते. अशा वेळी ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १० वॉटच्या चार्जरने भरण्यास अडीच तासांहून अधिक वेळ घेते, तर ३३ वॉटच्या चार्जरने तिला सव्वा तासाच्या आसपास वेळ पुरतो. त्यामुळे वेगवान चार्जिंग ही येथे खऱ्या उपयोगाची सुधारणा ठरते, मात्र चार्जर खोक्यात मिळतो की वेगळा घ्यावा लागतो ते आधी पाहावे आणि वेगळा घेतल्यास त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असल्याची खात्री करावी. ई-पीक पाहणी ही शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढून नोंद करण्याची पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. भर उन्हात शेतात हे काम करायचे तर पडदा दिसला पाहिजे. पडद्याची उजळता निट या एककात मोजतात, आणि ४००-५०० निटचा पडदा उन्हात वाचणे कठीण जाते, तर हजार निटच्या पुढचा पडदा सावली न शोधताही वाचता येतो. याउलट पडद्यावरील चित्र सेकंदाला १२० वेळा नव्याने उमटते, या गुणाचा शेतीच्या, बँकेच्या किंवा शाळेच्या कामाशी काही संबंध नाही. अॅमोलेड प्रकारचा पडदा सुंदर दिसतो, परंतु तो फुटल्यावर बदलण्याचा खर्च साध्या एलसीडी पडद्यापेक्षा बराच अधिक असतो. ज्या घरात एकच फोन चार हातांत फिरतो तेथे खरेदीपूर्वीच पडद्याच्या बदलीची किंमत विचारून ठेवणे शहाणपणाचे आहे. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र तालुक्याच्या गावी नसेल, तर दुरुस्तीसाठी कल्याण-ठाण्याच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत एक रोज बुडतो. हा खर्च कोणत्याही जाहिरातीत छापलेला नसतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येते. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो, आणि पाठीवरील तीन-चार भिंगांपैकी २ मेगापिक्सेलची भिंगे बहुधा संख्या वाढवण्यासाठीच असतात. कागदपत्राचे, पिकाचे किंवा कुटुंबाचे स्वच्छ छायाचित्र काढण्यास एक चांगला कॅमेरा पुरतो. प्रोसेसर, म्हणजे फोनची गणना करणारी मुख्य चिप, हीसुद्धा मधल्या पट्टीतील असली तरी वर सांगितलेल्या सर्व कामांना भरपूर होते; ३ नॅनोमीटर तंत्राच्या चिपची खरी ताकद जड खेळ आणि चित्रफितींच्या संपादनात दिसते, आणि ज्याला ही कामे करायची नाहीत त्याने त्या ताकदीचे पैसे का भरावेत?

जाळ्याचा विषय मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण डोळखांब, कसारा, टोकावडे या बाजूंच्या डोंगरकुशीतील पाड्यांत फोन कितीही महाग असला तरी मनोऱ्याची लहर पोहोचली नाही तर तो मुका राहतो. लहरींच्या ठरावीक पट्ट्यांना बँड म्हणतात. ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि झाडी, भिंती यांतून तुलनेने सहज पार होतात, तर ३,३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात पण लवकर विरतात. जिओने पाचव्या पिढीच्या सेवेसाठी ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू झालेली बीएसएनएलची स्वदेशी चौथ्या पिढीची सेवाही ७०० व २१०० मेगाहर्ट्झवर चालते. म्हणून फोनच्या माहितीपत्रकात चौथ्या पिढीसाठी बी-२८ आणि पाचव्या पिढीसाठी एन-२८ हे बँड, म्हणजे हाच ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, नोंदलेला आहे का ते पाहावे. काही जुन्या फोनमध्ये तो नसतो आणि मग मनोरा समोर असूनही उपयोग होत नाही. आपल्या पाड्यात कोणत्या कंपनीची लहर मिळते हे शेजाऱ्याच्या फोनवर पाहून मगच फोन व सिम यांची सांगड घालावी.

पाचव्या पिढीच्या फोनबरोबर रिचार्जचा खर्चही येतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओने अमर्याद फाइव्ह-जी फक्त रोज २ जीबी किंवा अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरते ठेवले, आणि अशी २८ दिवसांची योजना ३४९ रुपयांना होती. वर्षाला १३ वेळा ती भरली तर सुमारे ४,५०० रुपये आणि चार वर्षांत सुमारे १८,००० रुपये होतात. फोनच्या किमतीवर महिनाभर घासाघीस करणारे घर तितकीच रक्कम रिचार्जमध्ये नकळत भरते. गावात पाचव्या पिढीची लहर नसेल तर चौथ्या पिढीच्या स्वस्त योजनेवर राहण्यात काहीच कमीपणा नाही, फोन मात्र पुढील काही वर्षांचा विचार करून पाचव्या पिढीचा घ्यावा.

किंमत योग्य की अयोग्य हे ठरवण्याचे सर्वांत भरवशाचे माप म्हणजे वापराच्या दर वर्षामागे पडणारा खर्च होय. फोनचे आयुष्य केवळ त्याच्या सुट्या भागांवर नव्हे, तर कंपनी किती वर्षे सुरक्षा अपडेट देते यावरही अवलंबून असते. सुरक्षा अपडेट म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये सापडलेल्या चोरवाटा बुजवणारी दुरुस्ती, आणि ती थांबली की बँकेची अॅप काही काळाने चालेनाशी होतात किंवा चालली तरी धोकादायक ठरतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये १८,९९९ रुपयांना आलेल्या सॅमसंग गॅलेक्सी ए-१६ फाइव्ह-जी या फोनला कंपनीने सहा वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. वर्षाला हा खर्च ३,२०० रुपयांहून कमी पडतो, आणि मध्ये एकदा बॅटरी बदलली तरी तो दोन वर्षांत टाकून द्याव्या लागणाऱ्या दहा हजारांच्या फोनपेक्षा स्वस्तच राहतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग देणे बंधनकारक केले आहे. भारतात असा नियम व्हावा ही मागणी रास्त आहे. तोपर्यंत ‘अपडेट किती वर्षे?’ हा प्रश्न ग्राहकाने दुकानात स्वतःच विचारला पाहिजे.

हप्त्यावरील खरेदीत विशेष सावधगिरी हवी. शून्य टक्के व्याज ही कल्पना वस्तुतः अस्तित्वात नसते, कारण व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत दडलेले असते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच स्पष्ट केले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्या संस्थेने सर्व शुल्कांसह वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य पत्रक ग्राहकाला समजेल अशा भाषेत देणे आवश्यक आहे. ते मराठीत मागावे, वाचून घ्यावे आणि रोखीची किंमत व हप्त्यांची बेरीज यांतील फरक लिहून काढावा. हप्ता चुकला तर फोन दुरूनच बंद करण्याची अट करारात असू शकते, आणि ज्या फोनवर मजुरी जमा झाल्याचा संदेश येतो तोच बंद पडणे ही लहान गोष्ट नव्हे. वीटभट्टीच्या मालकाकडून घेतलेल्या उचलीतून महागडा फोन घेणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे. ती उचल फेडण्यासाठी संपूर्ण कुटुंबाला हंगामभर राबावे लागते, आणि कोणतीही सुधारणा त्या श्रमांच्या मोलाची नाही.

वापरलेला किंवा गेल्या वर्षीचा फोन घेणे हा उत्तम पर्याय ठरू शकतो. गेल्या वर्षीचे मॉडेल घेताना अपडेटची उरलेली वर्षे मोजावीत. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, खोक्यावरील क्रमांकाशी जुळवावा आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर तो तपासावा, किंवा इंग्रजी केवायएम ही अक्षरे, मोकळी जागा आणि आयएमईआय असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन त्यातून उघड होतो. नवा असो वा जुना, आयएमईआय लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सदोष फोनबाबत विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही.

ज्या वृद्धांना केवळ बोलणे आणि क्वचित पैसे पाठवणे एवढेच हवे आहे, त्यांच्यासाठी स्मार्टफोन घेण्याचीही गरज नाही: मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली यूपीआय १२३पे ही सेवा बटणांच्या साध्या फोनवर चालते आणि *९९# ही सेवा इंटरनेटशिवायही खात्यातील शिल्लक सांगते. ज्यांचा सध्याचा फोन ४ जीबी किंवा अधिक रॅमचा आहे, ज्याला सुरक्षा अपडेट अजून मिळत आहेत आणि ज्याची तक्रार केवळ बॅटरी लवकर उतरण्याची आहे, त्यांनी मेमरीचे भाव चढलेले असताना नवी खरेदी पुढे ढकलावी, चांगल्या दर्जाची बॅटरी बदलून घ्यावी आणि हाच फोन आणखी एक-दोन वर्षे वापरावा.